तिसऱ्या रकान्यातली बाई

जावामधल्या सुंबिंग डोंगराच्या उतारावर ऑगस्टमध्ये तंबाखू वाळत घालतात. रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मैदानात, पार मशिदीच्या पायऱ्यांपर्यंत बांबूच्या तट्ट्या मांडलेल्या असतात, आणि त्या वासाने नवख्या माणसाचं डोकं जड होतं. वागिनीला तो वास यायचा बंद होऊन चौदा वर्षं झाली होती. पायथ्याच्या परकान गावाहून सकाळी सातच्या गाडीने ती वर यायची, आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीतली खिडकी उघडायची, टेबलावर रेकॉर्डर ठेवायची आणि रुग्णाची खुर्ची उजेडाकडे पाठ येईल अशी वळवायची.

तिचं काम आकडे देण्याचं होतं. डोंगरावरच्या अकरा जणांना स्किझोफ्रेनियावरचं इंजेक्शन दर महिन्याला दिलं जात होतं. काहींना जुनं औषध, काहींना नवं. कोणाला कोणतं, हे वागिनीला कळता कामा नये असा नियम होता, कारण माहीत असलं की हात आपोआप आकडा झुकवतो. कागदावर तीस रकाने होते आणि प्रत्येकात एक ते सात यांपैकी एक आकडा भरायचा होता. एक म्हणजे काहीच नाही. सात म्हणजे माणूस त्यातच बुडालेला. तिसरा रकाना भासांचा. त्यात चार किंवा जास्त आकडा पडला की डॉक्टर लुकिता औषधाची मात्रा वाढवायच्या.

आणखी एक नियम होता. मोजणाऱ्याने स्वतःबद्दल अवाक्षर काढायचं नाही. घर कुठे, लग्न झालं का, घरी कोण असतं, काही नाही. हा नियम वागिनीला कधी जड गेला नव्हता. मार्चमध्ये आई वारल्यापासून तर तो तिच्या सोयीचाच झाला होता.

तुकिनेम पन्नाशीची होती, तंबाखूची पानं चिरायला जायची. बारा वर्षं दोन पुरुष तिच्या कानाशी बसून तिला शिव्या घालत होते. तिसऱ्या इंजेक्शननंतर ती आली, खुर्चीत मांडी घालून बसली.

"गेल्या सात दिवसांत, आसपास कोणी नसताना आवाज ऐकू आले का?" वागिनीने विचारलं.

"ते दोघं गेले, बू," ती म्हणाली. बाईमाणसाला तिथे आदराने बू म्हणतात.

"पूर्ण गेले?"

"पूर्ण. मेल्यांनी जाताना सांगितलंसुद्धा नाही. बारा वर्षं फुकट राहिले आणि गेले." तुकिनेम हसली. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "आता एक बाई येते."

"काय म्हणते?"

"वाईट काही नाही हो. मी पेज खायला बसले की म्हणते, कडेकडेने खा, मध्ये गरम असतं. जसं काही मी शेंबडं पोर. पन्नास वर्षांची घोडी मी!"

वागिनीने तिसऱ्या रकान्यात चार लिहिलं. तिची आईही असंच म्हणायची. पण जावामधली कुठली आई म्हणत नाही? तिने पान उलटलं आणि चौथा प्रश्न विचारला.

पुढच्या आठवड्यात सेत्यो आला. हा सव्वीस वर्षांचा, मोटरसायकली दुरुस्त करणारा. नखांत तेल. त्याच्याही कानाशी एक बाई आली होती.

"सारखं एकच विचारते, बू. सुई उशीत टोचलीस का? हातातली सुई आधी उशीत टोच, मग उठ. मी म्हटलं, बाई, माझ्याकडे सुई कुठली? माझ्याकडे पाने आहेत, दहा-बाराचे. ते कुठे टोचू?"

तो स्वतःच्याच विनोदावर हसला. वागिनी हसली नाही. तिची आई चाळीस वर्षं शिवणकाम करत होती. मशीनच्या डाव्या बाजूला हिरव्या मखमलीची टाचण्यांची उशी असे, आणि वागिनी पाच वर्षांची असल्यापासून ते वाक्य दिवसातून दहादा ऐकत आली होती.

सप्टेंबरच्या मध्यापर्यंत अकरांपैकी सात जणांच्या तिसऱ्या रकान्यात ती बाई होती. कोणाला ती भीती घालत नव्हती. कोणाला शिवीगाळ नव्हती. वागिनीने सातही मुलाखती पुन्हा ऐकल्या, तारखा एकाखाली एक लिहिल्या आणि डॉक्टर लुकितांना दाखवल्या.

"एकाच बाकावर बसतात ना बाहेर," लुकिता म्हणाल्या. त्या तळलेलं तेंपे, सोयाबीनच्या वड्या, खात होत्या, बोटं कागदाला लागू नयेत म्हणून हात वर धरून. वागिनीला त्या म्बाक, म्हणजे ताई, म्हणत. "एकाचं दुसऱ्याला लागतं, म्बाक. आमच्या वसतिगृहात एकीला उचकी लागली की चौघींना लागायची. वेळा वेगवेगळ्या द्या."

हे शहाणपणाचं होतं. वागिनीने वेळा वेगवेगळ्या दिल्या. आठवा रुग्ण दुसऱ्या खोऱ्यातला होता, बाकीच्यांना त्याने जन्मात बघितलं नव्हतं. तो म्हणाला, "बाई पोरगी शोधतेय."

"कोणाची?"

"तिचीच. चंद्ररेस्मी नाव आहे म्हणते. एवढं भारी नाव डोंगरावर कोण ठेवतं, बू? राजवाड्यातली असेल."

वागिनीचं पेन कागदावर टेकलं होतं, तिथे शाईचा ठिपका वाढत गेला.

चंद्ररेस्मी हे तिचंच नाव होतं. वडिलांनी मोठ्या हौसेने ठेवलेलं. चार वर्षांची असताना ती आजारी पडली आणि उठेचना. तेव्हा गावातल्या जाणत्याने सांगितलं की पोरीला नाव पेलवत नाही, नाव उतरवा. लाल आणि पांढरी पेज शिजवून शेजाऱ्यांना वाटली, आणि जावाच्या पाच दिवसांच्या आठवड्यातल्या वागे या वारी जन्मली म्हणून वागिनी असं हलकं, कष्टकऱ्यांचं नाव तिला दिलं. पोरगी बरी झाली. उतरवलेलं नाव पुन्हा तोंडात आणायचं नसतं. वडील लवकर गेले. जाणता गेला. जन्माचा दाखला पुढे शाळेत घालताना काढला, त्यावर वागिनीच होतं. तिला स्वतःला हे सगळं एका मावशीने मरताना सांगितलं होतं. आईने सदतीस वर्षांत ते नाव एकदाही, चुकूनसुद्धा, उच्चारलं नव्हतं.

त्या दिवशी तिने चार लिहिलं आणि नियमाप्रमाणे गप्प राहिली.

घरी मशीनवर कापड झाकलेलं होतं. वागिनी अजून दोन माणसांचा भात लावत असे. हात तेवढंच माप घ्यायचा, आणि उरलेला भात ती सकाळी परतून खायची. आई झटका येऊन पडली होती आणि नंतर सात आठवडे जगली, पण वाचा गेली ती गेली. ती नुसती बघायची. वागिनी तोंड पुसायची, कूस बदलायची, आणि आई तिच्याकडे असं बघायची की जणू कोणीतरी भलं माणूस आहे, पण कोण ते आठवत नाही. गेली त्या दुपारी वागिनी वर डोंगरावर कोणालातरी विचारत होती, गेल्या सात दिवसांत आवाज ऐकू आले का.

एक वाक्य. यापलीकडे तिला काही नको होतं. आईच्या तोंडचं, तिच्यासाठीचं, एक वाक्य.

आणि औषध लागू पडत होतं. ऑक्टोबरमध्ये एकेकाचा तिसरा रकाना खाली येऊ लागला. सेत्यो रात्रभर झोपू लागला, त्याने गॅरेजचं दार स्वतःच्या हाताने निळं रंगवलं. तुकिनेम सुनेला घेऊन आली. सून म्हणाली, "बू, सासूबाई आता मला नावानं हाक मारतात. लग्नाला सहा वर्षं झाली, पहिल्यांदा."

"आणि ती बाई?" वागिनीने विचारलं.

"गेली," तुकिनेम म्हणाली. "हळूहळू लांब गेली. शेजारचं घर, मग पाटापलीकडे, मग नाहीच."

वागिनीने एक लिहिलं. तुकिनेमसाठी तिला आनंद झाला, खरोखर झाला. परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली आणि कंडक्टर तिच्याकडे पैसे न मागताच पुढे गेला.

"म्बाक, असे आकडे मी कधी बघितले नाहीत," लुकिता म्हणाल्या. "दहा जण! दहा! आता तुमचा तो पाटकरी तेवढा राहिला."

पाटकरी म्हणजे पाक मार्सुदी, पाक म्हणजे काका. पासष्ट वर्षांचा, गावाच्या वरच्या टोकाला एकटा राहणारा. पस्तीस वर्षं त्याने शेतांना पाणी वाटलं होतं, कोणाचं दार कधी उघडायचं आणि कधी लोटायचं हे त्याला घड्याळाशिवाय कळायचं. बायको मुलांना घेऊन कधीच निघून गेली होती. त्याचा पाय सुजला होता, म्हणून विसाव्या आठवड्याची मुलाखत त्याच्या घरी घ्यायची ठरली.

घर गार होतं. जमिनीवर पांडनच्या, केवड्यासारख्या पानांची चटई. त्याने दोन पेल्यांत कॉफी ओतली, मग तिसऱ्यात ओतली आणि तो पेला चटईच्या कडेला ठेवला.

"गेल्या सात दिवसांत—"

"येते," तो म्हणाला. "रोज दुपारी. पण बू, इंजेक्शन घेतलं की ती लांब जाते. आठ-दहा दिवस नुसतं पुटपुटल्यासारखं येतं. मग परत जवळ."

"तुम्हाला त्रास होतो का तिचा?"

"त्रास?" मार्सुदीने तिच्याकडे नीट बघितलं. "पूर्वीचे आवाज होते ना, ते मला म्हणायचे, पाटात उडी मार. ते गेले, तुमच्या डॉक्टरीणबाईंचं भलं होवो. पण ही? बू, या घरात मला जेवलास का म्हणून विचारणारं कोणी येऊन किती वर्षं झाली, माहितेय?"

वागिनीने पेन तिसऱ्या रकान्यावर नेलं.

"आता तुम्ही काय लिहिणार?"

"ते सांगता येत नाही, पाक."

"पाच लिहाल. मग सुई मोठी होणार." तो हळूच हसला. "तीन लिहा ना. तीन काही वाईट आकडा नाही. निम्म्याला पण पोचत नाही."

रेकॉर्डर चालू होता. वागिनीने तो बंद केला. मग तिने तीन लिहिलं. चौदा वर्षांतला तिचा हा पहिला खोटा आकडा होता, आणि तो लिहिताना हात अजिबात अडखळला नाही याचं तिला वाटेत नवल वाटलं.

पुढच्या रविवारी ती पुन्हा वर गेली. कागद नाही, रेकॉर्डर नाही. परकानच्या बाजारातून केळीच्या पानातली भाताची पुरचुंडी नेली. मार्सुदीने कशाला आलात असं विचारलं नाही. दुपार झाल्यावर त्याने मान किंचित डावीकडे कलती केली.

"आली," तो म्हणाला.

"काय म्हणते?"

"बटण लावायच्या आधी दोऱ्याला मेण लाव म्हणते. मला म्हणते! मी सदऱ्याला टाचणी लावून हिंडणारा माणूस."

वागिनीने डोळे मिटून घेतले. खरंच, आई दोऱ्याला मेण लावायची. त्या दिवशी ती दोन तास बसली. त्याच्यापुढच्या रविवारीही बसली. बाई मार्सुदीशी बोलायची, मार्सुदी वागिनीला सांगायचा. एका पुराच्या वर्षी कापडाचा गठ्ठा कसा डोक्यावर धरून आणला, निळ्या रंगाचं कापड कसं पाण्यात रंग सोडतं, नवऱ्याला आल्याची कॉफी कशी लागायची. घरी परतल्यावर त्या रात्री वागिनी एकटीपुरता भात लावायची, कारण तिचं पोट भरलेलं असायचं.

तिसऱ्या रविवारी तिने नियम मोडला.

"पाक मार्सुदी, तिला सांगा, वागिनी आलीय."

म्हातारा ऐकत राहिला. बाहेर कोंबड्यांनी पाचोळा उकरला.

"विचारते, वागिनी कोण?"

"तिची मुलगी म्हणावं."

मार्सुदीच्या कपाळाला आठी पडली, जसं कोणी हळू आवाजात बोलत असलं की पडते.

"बू, ती म्हणते, तिची मुलगी चार वर्षांची आहे."

"पाक—"

"थांबा. म्हणते, दोन महिने झाले, अंगात ताप आहे. एका संध्याकाळी अंगणात लोक जमले, पेज वाटली, आणि तिच्या पोरीला घेऊन गेले. तिच्या जागी दुसरीच एक पोरगी ठेवली. चांगली होती म्हणते. मी तिला वाढवली. काही कमी केलं नाही." तो थांबला. मग अगदी अदबीने, निरोप्याने सांगावं तसं म्हणाला, "पण माझी कुठे नेली, तुम्ही बघितलीत का, असं विचारते तुम्हाला."

वागिनी उठली. तिने चपला घातल्या. मार्सुदी पाठीमागून काहीतरी म्हणत होता, बहुतेक जेवून जा म्हणत होता.

पुढचे दोन रविवार ती गेली नाही. घरी तिने आईची पेटी उघडून बघितली. लहानपणीचा फोटो एकच होता, पाच वर्षांची असतानाचा. त्याआधीचा नव्हता. त्यात तिला काही विशेष वाटलं नाही. त्या काळी फोटो कोण काढत होतं?

मंगळवारी मार्सुदीची शेजारीण न्गातिरा आरोग्य केंद्रात आली, धापा टाकत.

"तुमचा म्हातारा पाटात उतरला होता, बू! कमरेएवढ्या पाण्यात. सुजलेला पाय घेऊन! कोणाला तरी हाका मारत होता, चंद्र की काय. तिघांनी ओढून काढला. तो म्हणतो, तापातली पोरं गारव्याकडे जातात, म्हणून बघायला उतरलो." ती बाकावर टेकली. "औषध तर चालू आहे ना त्याचं? मग असं कसं?"

असं कसं, ते वागिनीला ठाऊक होतं. एक आकडा. तिने डॉक्टर लुकितांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

"विसाव्या आठवड्याचा तीन खोटा आहे. पाच हवा."

लुकितांनी चष्मा काढला. "चुकून?"

"नाही."

"चौदा वर्षं मी तुमच्या आकड्यांवर डोळे मिटून सही करतेय, म्बाक."

"हो."

"का केलंत?"

वागिनीला सांगता आलं असतं. "माझी आई वारली," ती म्हणाली.

"मार्चमध्ये."

"हो."

लुकितांनी नवा कागद घेतला, वर तारीख घातली, चुकीची नोंद केली, आणि मात्रा वाढवली. सही करताना त्यांनी वागिनीकडे बघितलं नाही. वागिनीला वाटलं, आपण बरोबर केलं. एक म्हातारा बुडण्यातून वाचला. मग गाडीत बसल्यावर तिला दुसरंही काहीतरी वाटलं, ते तिला आवडलं नाही: ज्या बाईने मला ओळखलं नाही, तिचं तोंड मी बंद केलं.

शेवटची मुलाखत डिसेंबरच्या अखेरीस होती. तंबाखू केव्हाच उतरून गेली होती, तट्ट्या घरांच्या भिंतींना टेकवून ठेवल्या होत्या. ढग इतके खाली आले होते की न्गातिराचं घर दिसत नव्हतं. मार्सुदीने दाढी केली होती. सदऱ्याला बटण होतं. पेले दोनच काढले होते.

रेकॉर्डर चालू झाला.

"गेल्या सात दिवसांत, आसपास कोणी नसताना आवाज ऐकू आले का?"

"नाही, बू."

"एकही?"

"एकही नाही. बाई गेली." त्याचा आवाज सपाट आणि स्वच्छ होता. "झोप लागते. पाटाकडे जावंसं वाटत नाही. काल न्गातिराच्या नवऱ्याशी भांडलो, दोरीवरून. म्हणाला, अरे वा, बरा झालास की!"

"एकटं वाटतं का?"

हा प्रश्न तीस रकान्यांत कुठेच नव्हता.

"वाटायचं," मार्सुदी म्हणाला. "आता तसं नाही. ती पोरगी असते ना."

वागिनीने पेन खाली ठेवलं.

"कोण पोरगी?"

"ती बोलत नाही, बू. म्हणून तर सांगितलं, आवाज नाही. दिसतही नाही. नुसती येऊन बसते." त्याने हाताने दाखवलं. "इथे, तुमच्या गुडघ्यापाशी. एवढीशी असेल."

खोलीत गारठा होता. वागिनीच्या पायाची बोटं बधिर झाली होती. जमीन सिमेंटची, त्यावर चटई. ऊन आठवडाभर पडलं नव्हतं आणि चूल भिंतीपलीकडे, विझलेली.

"मग तुम्हाला कसं कळतं, पाक?"

"हात लावून बघा."

तिने लावला नसता, तर ते नियमाला धरून झालं असतं.

तिने तळवा चटईवर टेकवला. गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, सुपाएवढी जागा. चटई गरम होती. उन्हाने होते तशी नाही, निखाऱ्याने होते तशीही नाही. आतून येणारी, ओलसर, न उतरणारी ऊब. तिने हात काढून कडेला ठेवला. तिथे चटई गार होती. पुन्हा आत ठेवला.

मार्सुदीने कॉफीचा घोट घेतला. "दोन-चार दिवसांत ताप उतरेल," तो म्हणाला, धीर द्यावा तसा.

मोजणाऱ्यांच्या पुस्तिकेत तिसऱ्या रकान्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ आहे. जे एकट्या रुग्णालाच जाणवतं आणि शेजारी बसलेल्या माणसाला जाणवत नाही, तेवढंच भास म्हणून धरावं.

वागिनीने उजव्या हाताने पेन उचललं. डावा तिने चटईवर तसाच राहू दिला. तिसऱ्या रकान्यात तिने एक लिहिलं.